‘दोनपोटे’ हा शब्द परत द्या

प्रति,
शालेय विज्ञानकथा स्पर्धेचे आयोजक आणि परीक्षक मंडळ, सोलापूर

स.न.वि.वि.

आपल्या स्पर्धेतल्या निवडक कथांच्या पुस्तिकेची प्रुफे नुकतीच शाळांकडे आली. आमच्या वाचनवर्गातल्या आठवीच्या एका मुलीची कथा त्यात आहे, म्हणून आम्ही सगळे खूश होतो. प्रूफ उघडले आणि आनंद मावळला. तिच्या कथेतले परग्रहावरचे जीव माणसांना ‘दोनपोटे’ म्हणतात. हा शब्द आपण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खोडून तिथे ‘पृथ्वीवासी’ घातला आहे. समासात शेरा आहे, ‘मानवजातीला हिणवणारे संबोधन. शिष्ट शब्द योजावा.’ सोबत पुढच्या वर्षीच्या नियमांचा मसुदाही आला आहे. त्यात नवे कलम आहे, की परग्रहवासी पात्रांनी माणसाला ‘मानव’ किंवा ‘पृथ्वीवासी’ असेच म्हणावे.

मी आधी आपल्याला खासगीत लिहिले होते. परग्रहवासी प्रगत असतात, ते आपल्याला मानवच म्हणतील आणि निर्णय मुलांच्या हिताचा आहे, असे दोन ओळींचे उत्तर आले. मुलांचे हित कशात आहे याबद्दल पालकांना, शिक्षकांना आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला काही म्हणायचे असू शकते. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. पुस्तिका अजून छापखान्यात गेलेली नाही. संस्थेचे, शाळेचे किंवा मुलीचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझा आक्षेप निर्णयावर आहे, कुणा व्यक्तीवर नाही.

माझा या सगळ्याशी संबंध काय, ते आधी सांगते. शहराच्या पूर्व भागात एका जुन्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी शनिवारी दुपारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड नाहीतर दखनी, शाळेत मराठी, अशी ही मुले. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर जातात. पाण्याला एका घरात नीळ्ळु म्हणतात, शेजारी नीरु, पलीकडे पानी, वर्गात पाणी. एकाच वस्तूची चार नावे असतात आणि चारही खरी असतात, हे या मुलांना बोलायला लागल्यापासून माहीत आहे. त्यामुळे गोष्टीत परग्रहावरचा कुणी आला, की बाकी सगळे बाजूला ठेवून ती आधी विचारतात, ‘बाई, तो आपल्याला काय म्हणतो?’ यान कसले, शस्त्र कसले, हे नंतर. या एका प्रश्नावर आमचे कितीतरी शनिवार गेले आहेत, आणि ‘दोनपोटे’ हा शब्द त्या शनिवारांमधून आलेला आहे.

आता ती कथा काय आहे, ते वाचकांना कळले पाहिजे.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. उजनी धरण भरलेले असले तरी आमच्याकडे काही दिवसांआड पाणी येते, आणि ते कधी मध्यरात्री येते, कधी पहाटे. गल्लीत कुणीतरी ‘पाणी आलं’ म्हणून ओरडते आणि सगळी घरे जागी होतात. मोटारी सुरू होतात, पाइप जोडले जातात, हंडे, घागरी, टिपाडे, बादल्या ओळीने लागतात. घरातले सगळ्यात लहान पोर पाइप धरून बसते, कारण तेवढे काम त्याला जमते. पाऊण तासाने नळ सुस्कारा टाकतो आणि बंद होतो. मग ओल्या गल्लीत सगळे पुन्हा आडवे होतात.

ही मुलगी हे सगळे वरून बघते. तिच्या कथेतले जीव अशा ग्रहावरचे आहेत जिथे कायम धुके असते. अंगानेच पाणी प्यायचे, साठवायचे काही नाही. त्यांचे डोळे उजेड बघत नाहीत, ऊब बघतात. त्यांचे यान मे महिन्यातल्या एका रात्री सोलापूरवर थांबते. खाली अंधारात त्यांना उबदार आकृत्या दिसतात, आणि प्रत्येक आकृतीच्या कमरेला एक गार गोल दिसतो. नळाचे पाणी उन्हाळ्यातसुद्धा अंगापेक्षा गारच असते, हे तिने बरोबर हेरले आहे. यानातले जीव ठरवतात, या प्राण्यांना दोन पोटे असतात, एक गरम आणि एक गार. गरम पोट आपले आपण भरते, गार पोट रात्री उठून भरावे लागते. म्हणून ते आपल्याला नाव देतात, दोनपोटे.

पुढे त्यांच्यातल्या एका नोंदणीकाराला कोडे पडते. एक म्हातारी आपले दुसरे पोट सुनेच्या हाती देते. सून ते शेजारणीला देते. नोंदणीकार लिहितो, ‘दोनपोट्यांमध्ये भरलेला कोण आणि रिकामा कोण, हे ठरवता येत नाही. त्यांचे दुसरे पोट हातोहात फिरते.’

आठवीतल्या मुलीने हे वाक्य लिहिले आहे. मी ते वाचले तेव्हा वही खाली ठेवून काही वेळ गप्प बसले. विड्यांचे सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्या आईच्या शेजारी, एका खोलीच्या घरात बसून तिने हे लिहिले. यात माणसाला कुठे हिणवले आहे, ते आपण मला दाखवा. मला तर माणसाबद्दल एवढे आपुलकीचे वाक्य अलीकडे कुठल्या मोठ्या लेखकाकडेही वाचल्याचे आठवत नाही.

आपल्या प्रुफात तेच वाक्य असे आहे: ‘पृथ्वीवासीयांमध्ये भरलेला कोण आणि रिकामा कोण, हे ठरवता येत नाही. त्यांचे दुसरे पोट हातोहात फिरते.’ दुसरे कुठले पोट? शब्द बदलला, पण त्या शब्दावर उभी असलेली कथा बदलायची राहिली. आता ती वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही, आणि दोष त्या मुलीच्या माथी येईल.

माझा पहिला आक्षेप हाच आहे. एका मुलीच्या कथेचा कणा तिला न विचारता काढला गेला. व्याकरण तपासा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, लांबण कमी करायला सांगा. परीक्षकाचा तो हक्क आहे आणि मुलांना त्याचा उपयोगही होतो. पण लेखकाने घडवलेला शब्द बदलायचा तर लेखकाला विचारावे लागते. लेखक तेरा वर्षांचा असला तरीही.

दुसरा आक्षेप आपल्या कारणावर. तिने प्रूफ पाहून मला विचारले, ‘पण बाई, त्यांना आपलं नाव सांगितलं कुणी?’

या प्रश्नाचे उत्तर आपल्या नियमात नाही. मानव म्हणजे मनूची संतती. मनूची कथा आपल्या पुराणांतली आहे. पृथ्वी हे नाव पृथू राजावरून आले, असेही पुराणेच सांगतात. इंग्रजी विज्ञानकथांत वर्षानुवर्षे चालत आलेले ‘टेरन’ हे नाव लॅटिनमधल्या ‘टेरा’वरून, म्हणजे जमिनीवरून आले. ही सगळी नावे आपण आपल्याला दिलेली. दुसऱ्या ताऱ्याकडून येणाऱ्याने ना आपली पुराणे वाचलेली, ना लॅटिन. त्याला वरून जो गोल दिसेल त्याचा 71 टक्के भाग पाण्याने झाकलेला आहे. तो त्याला जमिनीचे नाव का देईल? आणि तो कितीही प्रगत असला, तरी त्याची प्रगती त्याच्या डोळ्यांनी, त्याच्या कानांनी, त्याच्या भुकेने झालेली असणार. प्रगत असणे म्हणजे आपल्यासारखे असणे, हे गृहीतच विज्ञानकथा तपासून बघत असते.

आपली ओळख आपण जरूर करून द्यावी. 1977 साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यावर 55 भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठीही आहे. पृथ्वीवरचे लोक तुम्हाला शुभेच्छा पाठवतात, असे आपण तिथे आपल्या भाषेत म्हटले आहे. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांचा आवाज आहे. आपण कोण, ते आपण सांगितले. ऐकणाऱ्याने आपल्याला काय म्हणायचे, ते तो ठरवील, आणि ते काय असेल याची कल्पना करण्याचे काम कथालेखकाचे आहे.

आता तिसरा आक्षेप, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे. परक्याने माणसाला दिलेले नाव हा विज्ञानकथेतला किरकोळ मसाला आहे, असे समजून आपण तो शब्द बदललात. खरे तर या वाङ्मयाचे अर्धे काम तिथेच होते.

फ्रेंच लेखक व्होल्तेरने 1752 मध्ये ‘मिक्रोमेगास’ नावाची छोटी कथा लिहिली. व्याध ताऱ्याकडचा एक महाकाय प्रवासी, उंची 1,20,000 फूट, शनीवरच्या सोबत्याला घेऊन पृथ्वीवर येतो. माणसे त्याला दिसतच नाहीत. भिंगातून बघितल्यावर समुद्रातल्या एका जहाजावर काहीतरी हलताना दिसते, आणि तो त्यांना हाक मारतो, ‘अदृश्य किड्यांनो’. मग ते किडे भूमितीने त्याची उंची मोजून दाखवतात. तो थक्क होतो. आता तो त्यांना ‘बुद्धिमान अणू’ म्हणतो आणि विचारतो, एवढी बुद्धी असलेले तुम्ही किती सुखात राहत असाल! तेव्हा जहाजावरचा एक तत्त्वज्ञ त्याला खरे सांगतो, की या क्षणी टोप्या घातलेले एक लाख वेडे पागोटी घातलेल्या एक लाख जणांना मारत आहेत, किंवा त्यांच्याकडून मारले जात आहेत. ते ऐकून त्या प्रवाशाच्या मनात येते, की तीन पावलांत हे हास्यास्पद खुन्यांचे वारूळ चिरडून टाकावे.

किडे, बुद्धिमान अणू, खुन्यांचे वारूळ. एका भेटीत तीन नावे, आणि प्रत्येक नाव त्या क्षणी त्याला माणसाबद्दल जे कळले त्याचे. आमच्या वर्गात मी ही कथा सांगितली, तेव्हा मुलांनी फळ्यावर तिन्ही नावे लिहून मधे बाण काढले. आपल्या नियमाप्रमाणे त्या प्रवाशाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मानव’ एवढेच म्हणता आले असते. मग कथेत उरले काय असते?

दुसरे उदाहरण मुद्दाम देते, कारण ते त्या मुलीच्या कथेच्या अगदी जवळचे आहे. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या दूरचित्रवाणी मालिकेत, 1988 सालच्या एका भागात, स्फटिकासारखे सूक्ष्म जीव भेटतात. ते माणसांना ‘बहुतांशी पाण्याच्या कुरूप, अवाढव्य पिशव्या’ म्हणतात. ऐकायला शिवी वाटते. पण प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 60 टक्के पाणी असते, तेव्हा स्फटिकाच्या बाजूने बघितले तर ते वर्णनच आहे. आमच्यातल्या एका मुलाने ते ऐकून हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाला, ‘खरंच की, पिशवीच आहे.’ विज्ञानाच्या पुस्तकातला तो 60 चा आकडा त्याने आधी वाचलेला होता. त्या दिवशी तो त्याला आपल्या हातात सापडला. टेरी बिसन यांची 1991 सालची एक कथा तर सबंध दोन परक्यांचे बोलणे आहे, आणि त्यांना एवढेच पटत नाही, की मांस विचार करू शकते. त्यांच्या लेखी आपण मांस. बोलणारे, गाणारे, स्वप्ने बघणारे मांस. ती कथा वाचून झाल्यावर आपल्याला हिणवले गेले, असे एकाही मुलाला वाटले नाही. स्वतःच्याच असण्याचे त्यांना नवल वाटले.

आणि हे परदेशी खूळ आहे, असे कुणी म्हणू नये. आपल्या आजीच्या गोष्टीतला राक्षस घरात पाऊल टाकताच काय म्हणतो? ‘माणूसघाण येते, माणूसघाण!’ राक्षसाला माणूस आधी वासाने कळतो, म्हणून त्याच्या तोंडी माणसाचा वास. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी हे ऐकले, गोधडीत तोंड खुपसून घेतले आणि पुन्हा सांगायला लावले. त्या आज्यांना कुणी शिष्ट शब्द योजायला सांगितले नाही. याउलट एच. जी. वेल्स यांच्या 1898 च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीतले मंगळावरचे जीव माणसाला कधीच काही म्हणत नाहीत. ते आपल्याशी बोलतच नाहीत, आपले रक्त घेतात. वर्गात मुलांचे मत पडले, की राक्षस बरा, निदान वासाने का होईना, ओळखतो तरी.

‘पृथ्वीवासी’ या शब्दाशी माझे वैर नाही. दोन ग्रहांची जुनी ओळख असेल, येणेजाणे असेल, तर ते आपले नाव शिकतील आणि आपापल्या जिभेने मोडूनतोडून उच्चारतीलही. उर्सुला ले ग्विन यांच्या 1972 सालच्या एका लघुकादंबरीत जंगलात राहणारे लोक माणसांना ‘युमेन’ म्हणतात. ‘ह्यूमन’ त्यांच्या कानाला तसे ऐकू आले. 2009 च्या ‘अवतार’ या चित्रपटात तिथले लोक माणसांना ‘आकाशातले लोक’ म्हणतात, कारण माणसे त्यांच्याकडे आकाशातून उतरली आणि येताना खाणीची यंत्रे घेऊन आली. कथेला ‘मानव’ शोभत असेल तिथे मुले ‘मानव’च लिहितील. पण सगळ्या कथांना एकच शब्द लावायचा, तर परका कशाला हवा? आपल्याच गल्लीतला कुणी हिरवा रंग फासून उभा केला तरी चालेल.

हिणवण्याचा मुद्दा राहिला. तो मला सगळ्यात गंभीरपणे घ्यावासा वाटतो.

वरून दिलेल्या नावाने माणसाचे काय होते, ते आपल्या शहराने पाहिले आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्यांतल्या अनेकांना सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात ठेवले गेले, दिवसाला हजेऱ्या लावल्या गेल्या. कायदा 1952 साली गेला, लोक ‘विमुक्त’ झाले, पण शहरातल्या त्या भागाला आपण अजून ‘सेटलमेंट’ म्हणतो, आणि तिथली मुले अजून त्या जुन्या नावाची सावली घेऊन शाळेत येतात. आमच्या खोलीतही येतात.

म्हणून मला फरक कळतो, आणि तो आपल्यालाही कळावा असे मनापासून वाटते. त्या कायद्यातले नाव देणाऱ्याच्या हातात कुंपणाची किल्ली होती. त्याने माणसांतून काही माणसे वेगळी काढली. ले ग्विन यांच्या त्याच लघुकादंबरीत जंगल तोडायला आलेली माणसे तिथल्या लोकांना ‘क्रीची’ म्हणतात, किडामुंगीसारखे, आणि असे म्हटल्यावर त्यांना राबवणे, मारणे सोपे जाते. तिथे हिणवणारा माणूस आहे, परका नाही. या मुलीचे धुक्यातले जीव कुणालाही वेगळे काढत नाहीत. त्यांना वरून जात दिसत नाही, पेठ दिसत नाही, भाषा ऐकू येत नाही. बंगल्यातला आणि झोपडीतला, दोघे त्यांच्या लेखी दोनपोटेच. ज्या मुलाच्या आजोबांना जन्मापासून एक नाव चिकटवले गेले, तो मुलगा ही कथा ऐकताना हसत होता, आणि नंतर म्हणाला, ‘यात सगळ्यांनाच एक नाव आहे.’ त्याला जे दिसले ते परीक्षक मंडळाला दिसू नये, याचे मला दुःख होते.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. मराठी विज्ञानकथेवर स्पर्धांचे मोठे ऋण आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. ते जयंत नारळीकर होते, हे नंतर कळले. आपल्या स्पर्धेत येणाऱ्या वह्यांतून कोण पुढे येईल, ते आज कुणी सांगू शकत नाही. पण परक्याने काय म्हणावे ते आधीच ठरवून दिलेल्या स्पर्धेत मुले काय लिहितील, ते मी सांगू शकते. ती नियम पाळून लिहितील, बक्षिसे घेतील आणि मग लिहिणे सोडून देतील. या मुलीने गेल्या शनिवारी नवी गोष्ट सुरू केली. त्यातला परका माणसाला काय म्हणतो, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘काहीच म्हणत नाही. म्हटलं की खोडतात.’

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुस्तिका छापण्याआधी कथेत ‘दोनपोटे’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे पूर्ववत घालावा. काही ठिकाणी शब्द बसावा म्हणून पुढची-मागची वाक्येही तोडली आहेत. विशेषतः नोंदणीकाराचा उतारा तिने लिहिला तसाच्या तसा यावा. समासातला शेरा मागे घेतल्याचे मंडळाने मुलीला पत्राने कळवावे. पत्र तिच्या नावाने यावे, शाळेच्या किंवा माझ्या नावाने नको.

नव्या नियमातले संबोधनाचे कलम रद्द करावे. त्याऐवजी काही हवेच असेल, तर एवढे लिहा, की परग्रहावरच्या पात्राने माणसाला जे नाव दिले असेल त्याचे कारण कथेतून कळले पाहिजे. त्याने मुलांना विचार करावा लागेल आणि परीक्षकांना तपासायला काहीतरी हातात राहील. कथेत एखाद्या खऱ्या जातीला, धर्माला, प्रांताला, अपंगत्वाला नावे ठेवली असतील तर ती जरूर रोखा. त्यात मी आपल्या बाजूने उभी राहीन.

यापुढे कुठल्याही मुलाच्या कथेतला घडवलेला शब्द, पात्राचे नाव किंवा शेवट बदलायचा असेल, तर आधी त्या मुलाला विचारले जाईल आणि तो नाही म्हणाला तर कथा आहे तशी छापली जाईल किंवा छापली जाणार नाही, असे नियमात लिहून द्यावे. तिची कथा ‘पृथ्वीवासी’ घालून छापायची असेल, तर ती छापू नये, असे तिचे आणि तिच्या आईचे म्हणणे आहे. ते मी त्यांच्या संमतीने इथे लिहिते आहे.

परीक्षकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या शनिवारी आमच्या खोलीत यावे. मुलांना त्यांच्याशी बोलायचे आहे. ती उद्धटपणे बोलणार नाहीत, पण प्रश्न पुष्कळ विचारतील.

मूळ वहीवरून तपासलेली, लाल शाईने दुरुस्त केलेली प्रुफाची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पोचवली आहे. छापखान्याला तीच द्यावी.

कळावे.

आपली,
शनिवारच्या वाचनवर्गाची शिक्षिका
पूर्व भाग, सोलापूर